शेवट ऐकायला मळ्यावर या

पुस्तकांवर माझ्या मामेसासऱ्यांइतके प्रेम करणारा आणि पुस्तकांचे त्यांच्याइतके हाल करणारा दुसरा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल. माझ्या बायकोचे हे मामा बाळापूरजवळ मळा करीत. वांगी, मेथी, झेंडू अकोल्याच्या बाजारात नेऊन घालायचा आणि येताना रिकाम्या टोपल्यांतून पुस्तके आणायची, हा त्यांचा क्रम. वाचून झाले की पुस्तक कुणाला तरी भेट जाई. देण्याचा हात मोठा होता, पण त्यांच्या भेटीने सुखी झालेला माणूस मी पाहिलेला नाही. सर्वांत जास्त भेटी माझ्या वाट्याला आल्या, कारण साऱ्या नात्यात लिहिणारा मी एकटा. मी त्यांच्यावर फार रागावलो होतो. आजही आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये हे मला कळते, त्यामुळे मनाला अपराधी वाटते, पण राग काही जात नाही.

लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला काय द्यावे, याबद्दल त्यांचे मत ठाम होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला लिहायला चौरंग दिला. त्याचा एक पाय बोटभर आखूड निघाला. सुताराची चूक समजून मी त्याखाली लाकडाची चिपटी घातली. पुढच्या खेपेला मामांनी ती काढून खिशात टाकली. "कावून नीट करता, जवाईबुवा? डुलकी लागली का मानूस हालला पायजे. सुताराले मुद्दाम सांगून करून घेतला मी." मग आली बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ. लोक पुस्तके नेतात ती परत आणत नाहीत, अशी तक्रार मी एकदा त्यांच्यापुढे केली होती, एवढाच माझा गुन्हा. त्यांनी स्वतःच्या हाताने ती माळ माझ्या कपाटाच्या दाराला बांधली. "आता नेऊ द्या. नेनारा वाजत जाईन." राजापेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कपाट उघडले की तान्ही मुलगी दचकून रडे आणि शेजारी बैलगाडी आली समजून डोकावीत. शाळेत मुलांना धाक घालणारा मी, घरी आपलेच पुस्तक माळ मुठीत दाबून चोरासारखा काढू लागलो. सोडून ठेवायची सोय नव्हती. मामा कधी येतील याचा नेम नसे, आणि आले की चपला काढण्याआधी ते कपाट वाजवून पाहत.

हे मी सोसले. पण माझ्या कादंबरीचे त्यांनी जे केले, ते कोणत्या लेखकाने सोसावे?

कादंबरी महायुद्धाच्या दिवसांत निघाली. गोदा नावाच्या, नवऱ्याने टाकलेल्या बाईची गोष्ट. शेवटी ती विहिरीत जीव देते. तो भाग लिहिताना मी स्वतः रडलो होतो. इतरांना रडण्याची संधीच मिळाली नाही, कारण पुस्तक खपले नाही आणि गठ्ठे अकोल्याच्या छापखान्यात धूळ खात पडले. एक दिवस मामांनी ते सगळे बैलांच्या दमणीत भरून नेले. लग्न, बारसे, मुंज, जिथे बोलावणे येईल तिथे आता जावयाची कादंबरी, असे त्यांनी कळवले, तेव्हा मला गहिवरून आले. त्या गहिवराची मला आजही लाज वाटते.

काही महिन्यांनी तिवशाचे एक मास्तर भेटले. "गोदा शेवटी मास्तरीण होते, ते फार आवडलं. आमच्या बहिणीनं तर दोनदा ऐकलं," म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आत मोटार पकडायला धावले. त्याच आठवड्यात मामांकडून मेथीच्या बियांच्या पुड्या आल्या. बायकोने एक सोडली, बी सुपात ओतले, आणि कागद माझ्यापुढे धरला. "हे तुमचंच दिसते." गोदेने विहिरीच्या काठावर पाऊल ठेवले होते. दुसऱ्या पुडीत उडी होती. तिसऱ्या पुडीत गाव धावत आला होता आणि त्याला मेथीचा वास येत होता.

रविवारी मी पारस स्टेशनवर उतरून टांगा केला आणि मळा गाठला. मामा वांगी निवडत बसले होते.

"मामा, माझ्या पुस्तकाची शेवटची पानं तुम्ही फाडली?"

"फाडली नाई. ब्लेडानं कापली. शिवन शाबूत हाये."

"सगळ्या प्रतींची?"

"एकाले पुरं द्याव न एकाले अर्धं, असं कसं चालन? लोकं नावं ठेवतीन."

"पण का?"

त्यांनी हातातले वांगे खाली ठेवले. "जवाईबुवा, तुमी नळाचं पानी पेनारे. आमी विहिरीवर राहतो. पोरीनं उडी घेतली, तुमी खाली रेघ मारली न मोकळे झाले. विहीर कोन उपसन?"

समाजाला चटका बसावा म्हणून तसा शेवट केला, असे मी सांगू लागलो. "चटका बसते तिच्या मायले," ते म्हणाले. "समाज तेरवी जेवते न घरी जाते."

व्यवस्था अशी होती की, भेट दिलेल्या पुस्तकात शेवट नाही. ज्याला तो हवा त्याने मळ्यावर यावे. मामा भाजी निवडता निवडता सांगणार. पेढे देऊन वरचा बेदाणा आमच्या घरी येऊन खा म्हणावे, तसला प्रकार. लढाईने कागद मिळत नव्हता, म्हणून कापलेल्या पानांच्या पुड्या. निघताना त्यांनी केळीच्या पानात गुंडाळलेली, झेंडूच्या दोऱ्याने बांधलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. माझीच कादंबरी, शेवटाशिवाय. "तुमची भेट राहून गेली होती. शेवट ऐकायचा असन त बसा."

"तो मीच लिहिला आहे."

"तो नाई. गोदीचा."

मी पाणीसुद्धा न घेता त्याच टांग्यात परत बसलो. नंतर कितीतरी वर्षे ते राजापेठेत आले की कपाट वाजवून विचारीत, "कवा येता मळ्यावर?" शाळेच्या परीक्षा आहेत, असे मी सांगे. वर्षभर परीक्षा चालणारी शाळा त्यांनी कधी चौकशी न करता मान्य केली.

गेल्या चैत्रात मामा गेले. तेरवीच्या पंगतीनंतर लोक मळ्यात बसून गोदेबद्दल बोलत होते. बाजारात भाजी विकणारी एक विधवा बाई म्हणाली, गोदेनं मिरची लावली न दिरानं नांगरून दाबलेला आपल्या शेताचा धुरा सोडवून घेतला. तिवशाच्या मास्तरांच्या बहिणीची गोदा ट्रेनिंगला गेली होती. त्या बहिणीलाही नवऱ्याने टाकले होते, हे मला तिथे कळले. पारसचा म्हातारा टांगेवाला म्हणाला, "नहीं साब, वो तो रेल में बैठी. मामाने खुद बताया." प्रत्येकाला मामांनी खुद्द सांगितले होते.

येताना गाडीत मी बायकोला विचारले, "तुला त्यांनी काय सांगितलं होतं?"

"ते मले सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमाले आयकायचं होतं त जायचं होतं."

आता ज्यांच्याजवळ ती अर्धी पुस्तके आहेत, ते माझ्याकडे येतात. लेखक तुमीच ना, मग सांगा, म्हणतात. हा त्रास मी का म्हणून भोगायचा? छापखानेवाला मात्र खूश आहे. लोक मागतात, दुसरी आवृत्ती काढू म्हणतो, फक्त शेवटची पाने द्या. संध्याकाळी मी चौरंगावर बसतो आणि गोदेला विहिरीच्या काठावर आणून उभी करतो. उडीचे वाक्य मला पाठ आहे, पण चौरंग हलतो. काल मी तिच्या हातात दोर दिला आणि बादली आत सोडायला लावली. पाणी शेंदून झाल्यावर ती कुठे जाते, हे जाऊन विचारावे असा माणूस आता बाळापुरात नाही.