बिस्किटांचे चार मजले

कोणताही खाद्यपदार्थ पुढे आला की तो प्रथम लांबून, एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहत असे. लाडू असो वा बटाटेवडा, खाण्याआधी त्यातून काहीतरी घडवण्याची त्याला खाज असे. घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्याला सगळे डायरेक्टर म्हणत. वास्तविक तो औषधांच्या एका गोदामात खोकी उतरवून घेत असे. गणपतीच्या देखाव्यात त्याने एकदा थर्माकोलचा धबधबा केला, तेव्हा ही पदवी त्याला मिळाली. ती उतरवून ठेवण्याची बुद्धी त्याला शेवटपर्यंत झाली नाही.

मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. मापात न बसणारी वस्तू बाजूला काढणे हे माझे काम. अशा माणसाला त्याने आपला मित्र ठरवले होते. माझी संमती विचारली नव्हती. गॅलरीतून जाताना तो माझ्या पाठीवर थाप मारी आणि म्हणे, "नाना, हस रे जरा. दात आहेत ना तुला?" मी सरळ आत निघून जाई. त्याला उत्तराची गरजही नसे.

चाळीतल्या कोणाचाही वाढदिवस त्याला पुरे. केक विकत आणणे त्याला कमीपणाचे वाटे, आणि भाजायला त्याच्याकडे भट्टी नव्हती. "भट्टी बेकरीवाल्याला लागते. कलाकाराला हात लागतात," असे तो सांगे. ग्लुकोज बिस्किटांचा चुरा, कोकोची पूड, लोणी आणि आटवलेल्या दुधाचा डबा एवढे घेऊन तो परातीपुढे मांडी ठोके. हात कोपरापर्यंत बरबटत. तसल्याच हातांनी तो शेजाऱ्यांच्या कड्या वाजवून प्रेक्षक गोळा करी. चवीबद्दल कोणी चांगले बोलले तरी त्याचा चेहरा पडे. "खायचं काय यार, कोणीही खातं. बघायला काय आहे ते बोल!"

कॅरम खेळणाऱ्या बाळ्यासाठी त्याने एकदा अख्खा कॅरमबोर्ड केला. सोंगट्या बिस्किटांच्या, राणी चेरीची. बाळ्याने सवयीने टिचकी मारली आणि राणी थेट शेजारच्या शहाकाकांच्या पांढऱ्या धोतरावर जाऊन बसली. डायरेक्टर टाळ्या पिटू लागला. "बघा, बोर्ड खरा वाटला की नाही!" धोतर कोणी धुतले, याची चौकशी त्याने केली नाही.

त्या वर्षी सोडतीत आम्हाला दिंडोशीला घर लागले. मला ते हवे होते. माझी पत्नी इंदू मात्र तयार नव्हती. तिकडे वस्ती विरळ, दुकाने लांब, डोंगरात कोल्हे ओरडतात, असे तिने कोणाकडून तरी ऐकले होते. कित्येक महिने समजावल्यावर ती कशीबशी हो म्हणाली. चावी मिळणार त्याच आठवड्यात माझा वाढदिवस होता. मी तो कधीच साजरा करत नसे. डायरेक्टरला ते ठाऊक होते, म्हणूनच त्याला चेव चढला.

मे महिन्याची दुपार होती. त्याने गॅलरीत टेबल मांडले आणि वरची चादर ओढली. खाली चार मजली इमारत उभी होती. बिस्किटांच्या भिंती, गुलाबी वेफरच्या खिडक्या, डावीकडे जिना, टुटीफ्रुटीचे तोरण फक्त एका दाराला, आणि त्या दारावर साखरेच्या पाकाने लिहिलेले आमचे आडनाव. चाळीत एकच फ्रिज होता, तो शहाकाकांचा, आणि शहाकाका कुलूप लावून गावी गेले होते. म्हणून या गृहस्थाने इमारत परातीत घालून बर्फाच्या लादीवर ठेवली होती. मे महिन्यात. माझ्या हाताखालच्या कोणी असले काम केले असते, तर मी त्याला दाराबाहेर उभे केले असते.

"नाना, घे सुरी! वरच्या मजल्यापासून काप."

मी सुरी घेतली, तोच इंदूने माझे मनगट धरले. "अहो, थांबा. घराला सुरी लावायची? आपल्याच हातानं?"

"वहिनी, केक आहे ओ तो."

"केक असू दे नाहीतर आणखी काही. नाव कुणाचं लिहिलंय त्यावर?"

चाळीतल्या यच्चयावत बायकांची घरावर सुरी चालवायला हरकत असणार, हे त्या कलावंताच्या डोक्यात आलेच नव्हते. नाव खरवडून काढू, दुसऱ्या कोणाकडून कापून घेऊ, अशा सूचना सुरू झाल्या. इंदू कशालाही बधेना. तिकडे लादी एका बाजूने विरघळत होती. परात कलली. चौथा मजला तिसऱ्यावर ओघळला, तिसरा दुसऱ्यावर, आणि तोरणासकट आमचे दार चिखलात गेले.

"आयला, बिल्डिंग बसली!" बाळ्या ओरडला.

कोणी हसले नाही. इंदू आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. "मी तिकडे जाणार नाही. तुम्ही जा." मी तिला उष्णता, लोणी आणि कललेला पाया समजावून सांगितला. तिने एकच विचारले, "आजच कसं कोसळलं?" मी चावी घेऊन एकटा गेलो, तर ते घर नव्हे, हे मला कळत होते. महिनोन्‌महिन्यांची खटपट बिस्किटांनी बुडवली होती.

डायरेक्टर बरबटलेले हात पुढे धरून उंबऱ्यावर बसला. क्षणापूर्वी तो बर्फवाल्याला शिव्या घालत होता. आता त्याचा आवाज पुजाऱ्यासारखा झाला होता.

"वहिनी, नव्या घराला काळी बाहुली का टांगतात?"

"नजर लागू नये म्हणून. तुम्हाला ठाऊक नाही होय, भाऊजी?"

"मग झालं तर! तुमच्या घराला लागायची ती नजर याला लागली. खरं घर सुटलं. आता हे उरता कामा नये, संपवायला पाहिजे."

"सुरी नाही लावणार मी."

"सुरी कशाला? चमचे काढा."

इंदू वळली. मग उठून तिने फळीवरच्या वाट्या काढल्या.

त्याचा नजरेवर विश्वास नव्हता. गणपतीच्या मंडपाला टांगलेल्या काळ्या बाहुलीला तो उघड हसत असे. हे सारे धडधडीत खोटे होते आणि ते खोडून काढणे माझे कर्तव्य होते. मी वाटी घेतली. पदार्थ फार गोड होता.

आम्ही दिंडोशीला राहायला गेलो. तो एकदाच आला. घर पाहण्याऐवजी गॅलरीत उभा राहून जिना न्याहाळू लागला. "जिना मी डावीकडे काढला होता, यार. हा तर उजवीकडे निघाला!" एवढेच दुःख. जेवताना इंदूने त्याला गाठले.

"भाऊजी, खरं सांगा. त्या दिवशी नजर लागली होती?"

"काय माहीत, वहिनी. तुम्ही इकडे आलात ना?" एवढे बोलून त्याने न विचारता दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

पुढल्या वर्षी तो गेला. तो आमच्या नात्यातला नव्हता. सुतकाचा प्रश्न नव्हता. तरी बाराव्यापर्यंत इंदूने घरात गोड केले नाही. मी कारण विचारले नाही. गोड मागितलेही नाही.