सालगिरहीच्या दिवशी आलेला पोळा

हिंगुळाचा वास आला की मला धारूरचा एक पोळा आठवतो. त्या वर्षी निजामाचा वाढदिवस, म्हणजे सालगिरह, त्याच अमावास्येला आला होता. सकाळी बापानं मला आमच्या बैलाची शिंगं लाल हिंगुळानं रंगवायला बसवलं आणि मग म्हणाला, "आता साळंत जा पोरी, सालगिरहीचे लाडू वाटणार हायेत. तू आल्यावरच बैल मिरवू." पोळ्याला बैल कुणी दारातून घालवत नाही, म्हणून मी बिनघोर गेले. अर्धा लाडू बैलासाठी राखून पळत आले, तर दावणीला नुसतं दावं होतं. "जहागीरदाराला सालगिरहीचा नजराणा दिला," बाप म्हणाला. "तुझ्या हातानं लई खुलला होता, बघताच पसंत केला." लाडू मी त्याच्या पायाशी फेकला. बाप जाऊन कैक वर्षं झाली, पण बैलाच्या शिंगाला मी पुन्हा रंग लावला नाही.