तासाला आठ मैल

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच मला एका मालवाहू बोटीची मोजमापं तोंडपाठ झाली होती. लांबी साडेतीनशे फूट, म्हणजे आमच्या खळ्यापासून पार खालच्या विहिरीपर्यंत. कोळशाची चार कोठारं. भरली की बावीस फूट पाण्यात. वेग तासाला आठ मैल, तोही समुद्र शांत असेल तर. माझा नवरा तिच्यावर खलाशी होता आणि सासऱ्यांनी खलाशांवरचा सारंग म्हणून तिच्यावरच हयात घालवली होती. आता मोतीबिंदूमुळे त्यांना दिसत नव्हतं. मी मास्तरांची मुलगी, इंग्रजी वाचता यायचं, म्हणून शेजारच्या वकिलांकडचं शिळं वर्तमानपत्र आणून बोटींच्या येण्याजाण्याचं सदर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. "आज कुठंशी हाय गो आपली?" ते विचारायचे. मुलाचं नाव कधी घ्यायचे नाहीत. मला त्या बोटीचा भारी राग यायचा.

त्या कार्तिकात ती कलकत्त्याहून कोळसा घेऊन कराचीला निघाली. तिनं कोलंबो सोडल्याचं मी वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर समुद्रात वादळ उठल्याची बातमी होती. ती मी गिळून टाकली. पण सासऱ्यांना वाऱ्यावरूनच काय ते कळलं असावं. ते अंगणात येरझारा घालू लागले, अर्ध्या जेवणावरून उठू लागले. माझा तरी जीव कुठं थाऱ्यावर होता? भात दोनदा करपला. चौथ्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. सदरात बोटीचं नावही नसताना मी खणखणीत आवाजात वाचलं, "कराचीला पोचली."

सासरे बोटांची पेरं मोजत बसले.

"भरलेली बोट हाय ती गो," शेवटी म्हणाले. "आठ मैलांनी कोलंबोहून कराची सात दिस. चार दिसांत कशी गाठलीन?"

मला रडू फुटलं. मी वादळाचं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे तोंड न वळवता म्हणाले, "उद्या वाचशील तवा जरा हळू चालव तिला."

पोचलेली बोट मी पुन्हा समुद्रात घातली. रोज थोडी पुढं नेली. रत्नागिरीसमोरून जाते आहे असं वाचलं त्या दिवशी ते काठी घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसले. सातव्या दिवसानंतर तिला बंदरात न्यायचा मला धीर होईना. धक्का रिकामा नाही, असं वाचून मी ती कराचीबाहेर नांगरून ठेवली.

पुढच्या आठवड्यात तिचं नाव खरोखरच छापून आलं. एक कोठार पाण्यानं भरलेलं, सुकाणू मोडलेलं, दुसऱ्या बोटीनं ओढत कराचीला आणलेली. माणसं सगळी सुखरूप. मी अडखळत वाचलं आणि वर म्हटलं, "मामंजी, शपथ, हे खरं आहे."

त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"खरंच हाय गो," ते म्हणाले. "तू आणली असतीस तर धड आणली असतीस."