नको म्हणणारे नाना

गिऱ्हाइकाच्या हातातली वस्तू काढून घेऊन परत फळीवर ठेवणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. मरोळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी नानांचं किराणा दुकान होतं. माणूस मूळचा कुडाळकडचा, अंगात बाह्यांचं बनियन, कानावर पेन्सिल आणि तोंडात कायम एक शब्द, ‘नको’. सगळी गल्ली त्यांना पाठीमागे ‘नको-नाना’ म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. राग येत नव्हता.

समोरच्या इमारतीतले देसाई मास्तर सूनबाईची नजर चुकवून गूळ न्यायला यायचे. नाना तराजूला हातसुद्धा लावायचे नाहीत. “नको. परवाच साखर तपासून आलात ना? सुनेला पाठवा.” मास्तर भडकायचे. “तू वाणी की डॉक्टर रे?” “डॉक्टर पैसे घेऊन सांगतो. मी फुकट सांगतो.” नवीन लग्न होऊन आलेल्या एका मुलीने ऐन पावसाळ्यात तीन किलो रवा मागितला, तर तिला म्हणाले, “एवढा रवा तू खाणार की किडे? अर्धा किलो ने. संपला की ये, मी कुठे पळून जातोय?” ती बिचारी लाजून अर्धा किलो घेऊन गेली. असा धंदा करून हा माणूस जगतो कसा, हे मला कधी कळलं नाही.

मी भाव करणारी बाई आहे, आणि त्याची मला लाज नाही. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा दोन शेगड्यांवर मी जेवणाचे डबे सुरू केले. आज माझ्या हाताखाली चार बायका आहेत. कुणी उचलून दिलेलं नाही, भांडून मिळवलेलं आहे. वाकोल्यापासून मरोळपर्यंत मी घाम फोडला नाही असा भाजीवाला शोधून दाखवा. फक्त नानांपुढे माझी डाळ शिजायची नाही. मी सुरू झाले की ते शांतपणे म्हणायचे, “भाव उतरणार नाही. तू आवाज उतरव गो बाय, पलीकडे बालवाडी आहे.” फारच झालं तर एखादा रुपया सोडायचे. वर सांगायचे, “हा तुझ्या बोलण्याचा नाही, माझ्या कानांचा.”

डबे सुरू केले त्या दिवशी मी ऐटीत पंधरा किलो तेलाचा डबा मागितला होता. “नको,” नाना म्हणाले, “आधी पाच डबे तरी जातात का बघ. दोन लिटर ने.” मी तणतणत घरी गेले. माझ्या धंद्याला पहिल्याच दिवशी अपशकुन केला म्हणून त्यांना शिव्या घातल्या. त्या आठवड्यात चार डबे गेले. चार! नानांनी त्याबद्दल पुढे कधी शब्द काढला नाही. मलाच दर वेळी वाटायचं, आता काढतील.

मग ती अंगारकी आली. नव्या टॉवरमधल्या महिला मंडळाने मला तीनशे उकडीच्या मोदकांची ऑर्डर दिली. तोवर मी डबेवाली होते. हे मोदक जमले असते, तर त्या टॉवरमधलं प्रत्येक बारसं, प्रत्येक डोहाळजेवण माझ्याकडे आलं असतं. मी नानांच्या दुकानात गेले आणि सुटी तांदळाची पिठी मागितली.

“ही नको. ही भाकरीची आहे,” नाना म्हणाले. “मोदक फुटतील. आंबेमोहर घे, धुऊन सावलीत वाळव आणि दळून आण. अजून दोन दिवस आहेत तुझ्याकडे.”

आता माझ्या जागी कुणीही असतं तर त्याने काय केलं असतं? इतक्या वर्षांत हा माणूस ‘हे घे’ म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं. आज पहिल्यांदा म्हणाला, आणि तेही दुप्पट भावाच्या वस्तूबद्दल. आयुष्यभर भाव केलेल्या माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. आंबेमोहराची दोन पोती कोपऱ्यात दिसतही होती.

“कळलं,” मी म्हणाले. “पोती खपत नाहीत वाटतं. इतकी वर्षं नको नको करून विश्वास बसवला, तो आज वसूल करायला निघालात होय?”

दुकानात सात-आठ माणसं होती. देसाई मास्तरही होते. मी हळू बोलले नव्हते; मला हळू बोलताच येत नाही. नानांनी माझ्याकडे पाहिलं. पिठी तोलली, पुडा बांधला, माझ्यापुढे ठेवला. मी सांगितला तोच भाव घेतला. मला वाटलं, जिंकले.

तीनशेतले दोनशेहून जास्त मोदक फुटले. वाफ बसली की कळी उलायची आणि सारण चाळणीत उतरायचं. टॉवरमधल्या बाईंनी ताटावरचा रुमाल उचलला, पुन्हा झाकला आणि म्हणाल्या, “राहू दे, आम्ही पेढे मागवतो.” त्या टॉवरमधून मला परत फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांशी भांडायला गेले. “मला अडवलं का नाहीत?”

“सांगितलं की.”

“एकदा सांगितलंत! मास्तरांच्या हातातून गूळ काढून घेता. माझ्या हातातून पुडा का नाही काढून घेतलात?”

“तुमच्या हातातून कोण काढून घेणार, बाई?” एवढंच म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्या दिवसापासून माझी सेवा सुरू झाली. मी दुकानात पाय ठेवला की नाना उभे राहायचे. “या बाई. काय देऊ?” मागेन ते द्यायचे, मागेन त्या भावाने द्यायचे. एकदा मी मुद्दाम निम्मा भाव सांगितला, तर त्या भावानेसुद्धा दिलं. वर पिशवीही दिली, जी ते कुणाला देत नसत. माझ्या हाताखालच्या बायका मला म्हणायच्या, “ताई, तुमचा काय वट आहे हो नानांकडे!” मी घरी येऊन भांडी आपटायची. एका वाक्याची एवढी शिक्षा? बोलणारीने तोंडावर बोलून टाकलं आणि विसरली. या माणसाने मात्र पाच वर्षं मला आदराने वागवलं! हे मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

माफी मागायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. मी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा त्यांनी इतक्या अदबीने “काय देऊ?” विचारलं, की मी पोहे घेऊन परत आले.

मग दुकानाची इमारत पुनर्विकासाला गेली आणि नानांनी दुकान बंद करून गावी जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी उरलंसुरलं स्वस्तात काढलं होतं. गर्दी होती. माझ्या पुढच्या बाईने पांढऱ्या वाटाण्यांच्या पोत्यात हात घातला. नानांनी तिचं मनगटच धरलं.

“नको, नको गो. दोन वर्षांचे आहेत. रात्रभर भिजवलेस तरी शिजायचे नाहीत. फेकायलाच काढलेत.”

ती हसून बाजूला झाली. माझा नंबर आला.

“या बाई. काय देऊ?”

“वाटाणे,” मी म्हणाले. “दोन किलो.”

आणि मी थांबले. त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले. जन्मात कुठल्या भावासाठी अशी अडून राहिले नसेन. नानांनी मान वर केली. क्षणभर वाटलं, ओठ हलले. मग त्यांनी पोत्यात माप घातलं, दोन किलो तोललं, वर एक मूठ जास्त टाकली आणि पुडा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“अजून काही, बाई?”