शंकरभाऊंना ओरडता येत नाही

मित्रांनो, मेळघाटातले गाईड शंकरभाऊ यांना पर्यटक मिळेनात, तेव्हा 'भाजी विका' असं मीच ठणकावून सांगितलं होतं. आज ते परतवाड्याच्या बाजारात भेटले. मेथी सुकत चालली होती. शेजारचे विक्रेते ओरडत होते आणि हे कुजबुजत होते.

"ओरडा ना जरा," मी म्हटलं.

"वाघ पळते म्हणून वीस वर्सं लोकायले गप बसवलं, भाऊ. आता मलेच वरडता येत नाई."

मग मीच हाळी दिली. भाषणांनी कमावलेला गळा कामी आला. चार जुड्या खपल्या.

"उद्या बी येसान का?" त्यांनी हळूच विचारलं.

मला अकोल्याला परतायचं होतं. मी मान खाली घातली.

काम गेलेल्यांना धंदे सुचवणाऱ्यांनो, पन्नाशीत नवा आवाज कुठून आणायचा, तेही सांगाल का?