पाचाचे आठ

हनीफचाचांच्या हातात कॉमिक दिलं की ते आधी पालथं घालायचे. मुखपृष्ठावर तलवार उपसलेला वीर असो की जळतं विमान, तिकडे त्यांचं लक्षच नसे. पाठीवरून बोटाचा मऊ भाग फिरवायचा, दोन्ही पिना निरखायच्या, मग दाराच्या उजेडात पुस्तक तिरपं धरायचं. चित्र सगळ्यात शेवटी. "कव्हर खोटं बोलस," ते म्हणत, "पाठ नई बोलस."

तळोद्याच्या बाजारात त्यांचं बाइंडिंगचं छोटं दुकान होतं. घरी हिंदी, गिऱ्हाइकांशी अहिराणी. मी तिथल्या हायस्कुलात शिक्षक. हजेरीपटांची बांधणी करून घ्यायला गेलो होतो, तेव्हा माझ्या पिशवीत लहानपणीचं एक कॉमिक होतं. त्यांनी ते मागून घेतलं, पालथं घातलं आणि वरची कड एक सूतभर कापलेली आहे, असं सांगितलं. माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. कसं ओळखलं, विचारलं तर म्हणाले, "मीच त्यासना कान काप्यात, सर. हजारो."

पूर्वी भाड्याने कॉमिक देणारे दुकानदार चार-पाच अंक एकत्र बांधून घ्यायचे. तरुणपणी ते काम चाचांकडे यायचं. गठ्ठा यंत्राखाली ठेवायचा, कडा सारख्या करायच्या, वर पुठ्ठा चढवायचा. पुढे लोक त्याच अंकांसाठी जीव टाकू लागले, तेव्हा आपण काय कापत होतो ते त्यांना कळलं. म्हणूनच की काय, दोष शोधताना ते दयामाया ठेवत नसत. घडीवर रंग तुटला असेल तर गुण कमी, न तुटता नुसता वळ असेल तर थोडे कमी. पिनेचा गंज कागदात उतरला, मागच्या पानावरचं कूपन कापलं, चिकटपट्टी पिवळी पडली, प्रत्येकाचे गुण वेगळे जात. दहापैकी नऊ त्यांनी माझ्यासमोर एकदाच दिले. दहा कधीच नाही.

संग्राहकांचा एक मोबाइलवरचा गट होता, त्यात मी त्यांचं नाव नेलं. मुंबई-पुण्याची माणसं कुरिअरने अंक पाठवू लागली. चाचा बोलायचे, मी इंग्रजीत अहवाल लिहायचो आणि खाली त्यांचं नाव घालायचो. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. मी काय लिहिलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा धडगावहून एक कारकून जीपने पत्र्याची पेटी घेऊन आले. वारलेल्या धाकट्या भावाचा संग्रह होता. चाचांनी सगळी दुपार त्यावर घालवली. कसर लागलेली पानं, आणि प्रत्येक मुखपृष्ठावर बॉलपेनने ठसठशीत लिहिलेलं भावाचं नाव. दहापैकी दोनच्या वर एकही अंक गेला नाही. कारकुनांचा चेहरा उतरला. थोडं वाढवून लिहा, असं मी हळूच सुचवलं. चाचांनी पेटीचं झाकण लावलं आणि त्यांना म्हणाले, "बाजारले हाई नाव डाग शे. तुमले नई. घर ठेवा." कारकून पेटी घेऊन परत गेले. माझ्याकडे चाचांनी नंतर बराच वेळ बघितलं नाही.

तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं.

लहानपणी वाचलेल्या एका मालिकेचा सातवा अंक मला कधी मिळाला नव्हता. पुण्यातल्या एका संग्राहकाकडे तो होता. माझ्याकडच्या पहिल्या अंकाच्या बदल्यात तो द्यायला ते तयार झाले, पण अट एक: चाचांचे किमान आठ गुण. मी अंक चाचांपुढे ठेवला. त्यांनी पाठ उजेडात धरली आणि लगेच सांगितलं की पाठीवरचा उडालेला लाल रंग कुणीतरी नंतर भरलाय. "पाच," ते म्हणाले. तो रंग मीच कॉलेजात असताना भरला होता. ते त्यांना बोललो नाही. घरी येऊन अहवालात आठ लिहिले, रंगाचं वाक्य गाळलं, आणि खाली नेहमीप्रमाणे त्यांचं नाव घातलं.

सातवा अंक आला. वाचायला अर्धा तास लागला. गोष्ट सामान्य होती.

महिन्याभरात पुण्याच्या त्या संग्राहकांनी अंकाची पाठ पुसलेल्या ओल्या कापसावर उतरलेल्या लाल रंगाचा फोटो गटात टाकला. चाचा फसवतात, असं कुणी लिहिलं. कुणी म्हणालं, पैसे खाल्ले असतील. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी लिहिलं, "चाचांना मोतिबिंदू आहे. अलीकडे त्यांना नीट दिसत नाही." वाटलं, चोर ठरण्यापेक्षा आंधळे ठरलेले बरे. ही समजूतही मी स्वतःसाठीच काढली होती.

कुरिअर यायचं बंद झालं. लोकांना आता यंत्रावर तपासलेलं हवं असतं, असं मी चाचांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. काही दिवसांनी मी दुकानात गेलो तेव्हा ते पुठ्ठ्याला लेई लावत होते. मान वर न करता म्हणाले, "सर, मुंबईथाईन एक जनना फोन उना व्हता. मन्हा डोयासनं ऑपरेशन कव्हय शे, आसं इचारे."

मी शेजारचे पुठ्ठे सारखे करू लागलो.

"मी सांगं, व्हई गयं."

एवढंच. राग नाही. ते एका वाक्यात माझं खोटं उघडं पाडू शकले असते. त्यांनी ते पुरं करून दिलं. त्या दिवसापासून मी गेलो की ते "या" म्हणत, "बठा" म्हणत नसत. मी उभ्या उभ्याच रजिस्टरं घ्यायचो आणि निघायचो. खरं सांगायचं रोज ठरवायचो. असं दीड वर्ष गेलं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मी कब्रस्तानापर्यंत गेलो, फाटकाशी थांबलो. त्यांचा मुलगा जवळ आला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अब्बा शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतःच ओवायचे, सर." तो सहज बोलला असेल. मला तसं वाटलं नाही.

घरी येऊन मी गटात सगळं खरं लिहिलं. आठ कुणी लिहिले, रंग कुणी भरला, डोळ्यांचं कुणी रचलं. लिहायला तासभर लागला. संध्याकाळपर्यंत अंगठ्याची दोन चित्रं आली. मग एका नव्या सभासदाने विचारलं, वारलेल्या गृहस्थांचा स्वतःचा संग्रह होता का, आणि घरचे तो विकणार आहेत का.