स्लॅबवरचं पाणी

आमच्याकडं औंधच्या बाजूला लोक आधी प्लॉट घेतात, मग घर बांधतात आणि पाणी कुठून येणार हे सगळ्यात शेवटी विचारतात. त्यात मीही आलेच. नवरा फौजेत, अर्धा संसार क्वार्टरमध्ये गेलेला. स्वतःचं छप्पर म्हटलं की मला दुसरं काही दिसायचं नाही. माळ नुसता मुरमाड होता, तिथं भर उन्हाळ्यात मी स्लॅब टाकून बसले.

स्लॅब टाकला की त्यावर मातीचे छोटे बांध घालून आळी करतात आणि त्यात पाणी तुंबवून ठेवतात. पाणी आटलं तर स्लॅब तडकणार, असं मिस्त्री बजावून गेला होता. एक दिवसाआड टँकर यायचा, तो सगळा वर चढायचा. गावात नळाला थेंब नव्हता आणि माझ्या स्लॅबच्या कडेनं पाणी ठिबकत होतं. बायका येता-जाता बघायच्या, बोलायचं मात्र कुणी नाही. त्या न बोलण्याची मला भीती वाटायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी थोरली जाऊ घागर घेऊन शिडीनं थेट वर आली. तिची म्हैस नुकतीच व्यालेली, हौद कोरडा. दारात आलेली घागर रिकामी माघारी पाठवायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मग ती वैऱ्याची का असेना.

“आवं अक्का, ह्यात सिमेंट उतरलंय. जनावराच्या पोटात नगा घालू.”

“पानी द्यायचं न्हाई तर तसं म्हण. सिमेंटचं नगं सांगू.”

“खरंच सांगते, म्हस आजारी पडंल.”

“आन पान्यावाचून काय हुईल? तुझ्या स्लॅबला पानी हाय, माझ्या म्हशीला न्हाई, व्हय?”

खाली शेजारणी जमल्या होत्या. अक्का वाकून घागर बुडवायला लागली. हात धरावा तर भांडण, सोडावा तर म्हशीचा जीव जायचा. माझं डोकंच फिरलं. मी पायानं बांध फोडला. एक आळं, दुसरं, मग सगळीच. पाणी भिंतीवरून खाली मुरमात गेलं आणि बघता बघता जिरलं.

“घ्या, आता कुनालाच न्हाई,” मी म्हटलं आणि रागानं मला रडूच फुटलं. अक्का रिकामी घागर तिथंच टाकून खाली उतरली.

संध्याकाळी टँकर आला. ड्रायव्हर पाइप वर चढवायला लागला, तसं मी म्हटलं, “आदी समोर, अक्काच्या हौदात.” वाटलं होतं, अर्धं तिला, अर्धं स्लॅबला. पण टँकर तिच्या दारात उभा राहिला आणि अख्खी वस्ती घागरी-बादल्या घेऊन धावली. कुणाला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. पुढच्या दोन खेपांना टँकर फिरकलाच नाही. त्याला कराड रस्त्याच्या नव्या बंगल्यांचं गिऱ्हाईक मिळालं होतं. मी पोती भिजवून अंथरली, ती तासाभरात वाळायची. शेवटी स्लॅब हॉलच्या मधोमध तडकला.

वास्तुशांतीला अक्का आली. पाटावर बसायच्या आधी मान वर करून तडा बघत राहिली.

“गळंल का गं?”

“आदी पाऊस तर पडू द्या.”

ती पाटावर टेकली. मग म्हणाली, “माझी घागर तुझ्याकडंच हाय न्हवं? गळलं तर खाली तीच लाव. भरली की दे धाडून.”